प्रमाणित हिरवा पेला

माणसाची प्रकृती त्याच्या पोटावर अवलंबून असते, असं जुने लोक समजत. ही समजूत आता मागे पडली आहे. प्रकृती पेल्यावर अवलंबून असते, पेला काचेचा असावा लागतो आणि त्याच्या आत जे काही असेल ते बाहेरून हिरवंगार दिसावं लागतं. तपकिरी पेयाने कोणाचं भलं झाल्याचा एकही फोटो आजवर उपलब्ध नाही.

हे शास्त्र घरोघरी पोचवायला पुष्कळ लोकांनी हातभार लावला, पण त्याला शिस्त लावली ती एकट्या शेडमास्तरांनी. रंगाच्या कारखान्यात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. शेड जुळवण्याच्या विभागात त्यांची उभी हयात गेली होती. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन येई, शर्टाचं बटण घेऊन येई, एकदा तर एक गृहस्थ बायकोने फोडलेल्या कपाचा कान घेऊन आले होते, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, हाच रंग हवा. शेडमास्तर ती वस्तू उत्तरेच्या खिडकीत धरत, एक डोळा बारीक करत आणि यात पिवळा किती, काळा किती ते यंत्राच्या आधी सांगून मोकळे होत. मग यंत्रही तेच सांगे. तेव्हा ते यंत्राकडे हुशार विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघत.

त्यांचं एक तत्त्व होतं. ट्यूबलाइटखाली कोणत्याही रंगाबद्दल मत द्यायचं नाही. दिव्याच्या उजेडात रंग बघणं म्हणजे पिऊन आलेल्याची साक्ष काढणं, असं ते नव्या माणसांना पहिल्याच दिवशी बजावत. हे तत्त्व त्यांनी घरातही पाळलं. बायकोने संध्याकाळी नवा पडदा लावून विचारलं, "कसा दिसतोय हो?" तर उत्तर ठरलेलं असे, "सकाळी सांगतो." (तत्त्वाचा माणूस घरात असला की घरच्यांना वाट बघण्याची सवय लागते. ही सवय प्रकृतीला चांगली असते असं म्हणतात.)

त्यांची बायको शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. मुलं 'बाई' म्हणत, म्हणून शेजारीही बाई म्हणत, आणि शेजारी म्हणतात म्हणून आपणही तेच म्हणू. बाई पावणेसातला, अजून पुरतं उजाडलेलं नसताना, घराबाहेर पडत. दुपारी परत येत तेव्हा शेडमास्तर कारखान्यात असत. शेडमास्तर परत येत तेव्हा घरातल्या ट्यूबलाइट लागलेल्या असत. या व्यवस्थेमुळे दोघांचा संसार अतिशय सुरळीत चालला होता.

त्यात खंड पडला तो जिन्यामुळे. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाई दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर चप्पल नीट करायला बसू लागल्या. चप्पल नीट करायला लागणारा वेळ वाढत गेला. शाळेतही तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, आणि मुख्याध्यापिकांनी एकदा अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "बाई, तुम्हाला खाली ऑफिसात काही काम देऊ का?" या प्रश्नाने बाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. ऑफिसात मुलं नसतात. तिसरीतल्या मुलांना नुकतं मोठमोठ्याने भांडता यायला लागलेलं असतं आणि अजून खोटं नीट बोलता येत नसतं. बाईंच्या मते माणसाच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं वर्ष होतं, आणि ते त्यांना दरवर्षी नव्याने मिळत असे. तो वर्ग त्यांना कोणालाही द्यायचा नव्हता.

रक्त तपासलं. "अंगात रक्त नावाला आहे," डॉक्टर म्हणाले. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या बाईंच्या पोटाने ठेवून घेतल्या नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "ठीक आहे, तीन महिने आहारावर बघू. रोज शाळेत जायच्या आधी एक पेला घ्या. पालक, बीट, खजूर, सगळं मिक्सरमधून काढायचं, वरून लिंबू पिळायचं, आणि सरळ पिऊन टाकायचं. पण चुकवायचं नाही. वाढलं नाही तर ॲडमिट करून बाटल्या लावाव्या लागतील. मग शाळा विसरा." एवढं बोलून ते शेडमास्तरांकडे वळले. "तुम्ही जरा लक्ष घाला."

शेडमास्तरांनी लक्ष घातलं. त्यांच्याबद्दल कोणी काहीही म्हणो, सांगितलेल्या कामात त्यांनी कधी अंग चोरलं नाही.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं मिक्सरमध्ये गेलं आणि जे बाहेर आलं ते बघून शेडमास्तर मटकन खुर्चीवर बसले. असा रंग त्यांनी कारखान्यात फक्त डबे धुतल्यावर नळीतून जाताना पाहिला होता. बाईंनी पेला तोंडाला लावला आणि संपवला. "बरं लागतंय की," त्या म्हणाल्या, "गोडसर आहे." चवीबद्दलची ही साक्ष कोणी मागितली नव्हती. लेकीने पिण्याआधी पेल्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि शेडमास्तरांच्या थोरल्या बहिणीने खाली लिहिलं होतं, "काय रे, मोरी तुंबली का?" त्यावर चौदा जण हसले. त्यात बहिणीचे व्याहीही होते. पेयाला नावं ठेवली असती तर शेडमास्तरांनी सोडून दिलं असतं, पण हा सरळसरळ त्यांच्या नजरेवर ठपका होता.

सुधारणांना दुसऱ्याच दिवशी सुरुवात झाली. प्रथम बीट गेलं. "अहो, डॉक्टरांनी बीट मुद्दाम सांगितलंय ना?" बाईंनी विचारलं. "बीट चांगलंच आहे गं," शेडमास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण त्याचा स्वभाव आडवा. शेजाऱ्याला वर येऊ देत नाही." त्यानंतर खजुराची पाळी आली. खजूर दिसायला गरीब, पण हिरव्यात मिसळला की सगळा माल मळकट करतो. लिंबावर मात्र रीतसर आठवडाभर निरीक्षण झालं. लिंबू पिळलेला पेला अर्ध्या तासात शेवाळी होतो, न पिळलेला टिकतो, असं आढळून आल्यावर लिंबूही गेलं. लेक कॉलेजात काहीबाही शिकत होती, ती म्हणाली, "बाबा, लिंबाशिवाय पालकातलं लोह अंगाला लागत नाही म्हणे." शेडमास्तरांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. अंगाला लागणं ही गोष्ट डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिच्यावर विभागाला मत देता येत नव्हतं.

मग गरम पाणी आलं. पालक चिमूटभर सोडा घातलेल्या गरम पाण्यातून काढला की रंग असा काही उजळतो, की बघत राहावं. जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, अशी शंका लेकीने काढली. शेडमास्तरांनी ते पाणी खिडकीत धरून पाहिलं. पाण्याचा रंग विशेष बदललेला नव्हता, तेव्हा पालकातून महत्त्वाचं काही गेलं असणं शक्य नव्हतं. चव थोडी साबणासारखी झाली, पण चव फोटोत येत नाही.

अशा रीतीने पेल्यात पालक, काकडीची साल आणि पाणी एवढेच तीन घटक राहिले आणि प्रमाणित हिरवा जन्माला आला. त्याचा पहिला फोटो ग्रुपवर गेला तेव्हा थोरल्या बहिणीने फक्त एक अंगठा पाठवला. जे तिला ओळखतात त्यांना या अंगठ्याची किंमत कळेल. त्या दिवशी शेडमास्तर दाढी करताना शीळ घालत होते.

आता राहिला प्रश्न तपासणीचा. तपासल्याशिवाय माल बाहेर सोडायचा नाही, हा कोणत्याही प्रतिष्ठित कारखान्याचा नियम असतो. स्वयंपाकघराची खिडकी देवाच्या दयेने उत्तरेला होती, पण तिच्यात मत देण्याजोगा उजेड आठ वाजल्याशिवाय येत नसे. बाई पावणेसातला जात. या दोन वेळांमधला सव्वा तास कसा भरून काढायचा, यावर शेडमास्तरांनी खूप विचार केला.

"मी तशीच पिऊन जाते ना," बाई म्हणाल्या, "रंग असेना का कसाही."

"अगं, एवढी कसली घाई? तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

पेला फ्रिजमध्ये ठेवून दुपारी प्यावा, असं ठरलं. काही दिवस तसं झालंही. पण दुपारपर्यंत वरच्या थराला पिवळी छटा येते, असं एका सुट्टीच्या दिवशी शेडमास्तरांच्या लक्षात आलं. शेडमधून उतरलेला माल आपल्याच माणसाला प्यायला देणं त्यांच्या मनाला पटेना. तेव्हा तपासणी झाल्याबरोबर पेला तिथल्या तिथे संपवण्याचा निर्णय झाला. आठ वाजता घरात एकटे शेडमास्तरच असत. (लेक त्या वेळी झोपलेली असे, आणि झोपलेला माणूस घरात धरत नाहीत.) ते पेला नाइलाजाने पीत. त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही.

बाई सकाळी चहा आणि पावाचे दोन तुकडे खाऊन जात. त्याआधी पालक धुणं, निवडणं, पाणी उकळणं, मिक्सर फिरवणं, गाळणं आणि भांडं धुणं एवढंच काम असे. मिक्सरच्या पात्याखालची जी रबरी चकती असते, तिच्या खाचेत पालकाचा तंतू राहिला तर दुसऱ्या दिवशीच्या मालाला वास येतो, म्हणून ती काडीने साफ करावी लागे. हे काम नाजूक असल्यामुळे ते बाईंकडे होतं. लेकीने एकदा रागानेच म्हटलं, "आई, तू आधी पी आणि मग त्यांच्यासाठी दुसरा कर. सांगायचं कशाला?" बाई काडीने चकती साफ करत राहिल्या. "असू दे गं," त्या म्हणाल्या, "किती वर्षांनी शीळ घालतायत." दुसरा पेला करायचा तर भांडं पुन्हा एकदा धुवावं लागलं असतं, आणि तेवढं उभं राहणं आता त्यांच्याने होत नव्हतं, हे त्या बोलल्या नाहीत.

कीर्ती लपून राहत नाही. बिल्डिंगमधल्या लोकांनी फोटो पाहिले आणि आपापले पेले घेऊन ते रविवारी सकाळी दारात उभे राहू लागले. शेडमास्तरांनी कोणाला परत पाठवलं नाही. चोवीस घरांपैकी एकोणीस घरांत मिक्सर फिरू लागला, त्यातले चौदा पेले प्रमाणित ठरले आणि पाच 'सुधारणेस वाव' या सदरात गेले. प्रमाणितांपैकी तीन घरांतल्या मंडळींची पोटं बिघडली. पण त्यांच्या पेल्यांचा रंग उत्तम असल्यामुळे ही तक्रार या विभागाच्या अखत्यारीत येत नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांचा पेला लागोपाठ तीन रविवार नापास झाला. चौथ्या रविवारी त्यांनी आणलेला पेला इतका हिरवा होता, की खिडकीपाशी सगळे वाकून बघू लागले. शेडमास्तरांनी तो नुसता तिरपा केला आणि खाली ठेवला. "केकचा रंग घातलात," ते म्हणाले. काका मान खाली घालून उभे राहिले. "काका, लोक आरोग्यासाठी पितात हे. आरोग्याशी खेळ करू नये माणसाने." एवढं बोलून शेडमास्तरांनी तो पेला स्वतःच्या हाताने मोरीत ओतला. त्यांना अप्रामाणिकपणा सहन होत नसे.

रविवारी बाई दिवसभर घरी असत आणि उजेडही असे. पण खिडकीपाशी पेलेवाल्यांची गर्दी असल्यामुळे त्या मोरीकडे तोंड करून लोकांचे पेले विसळत. शेडमास्तरांच्या बाजूला त्यांची पाठ असे. पाठीच्या रंगात काही दोष नव्हता.

एका संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, आईकडे बघा जरा. पांढरीफटक पडलीये." शेडमास्तरांनी घास हातात ठेवून आधी वर दिव्याकडे पाहिलं आणि मग बाईंकडे. त्यांनी घाईने मत दिलं नाही, ही त्यांची थोरवी. "ट्यूबलाइट आहे," ते म्हणाले. "ट्यूबखाली सगळेच असे दिसतात. शिवाय शाळेतला खडू. सकाळी बघू." सकाळी ते उठले तेव्हा बाई गेल्या होत्या. ओट्यावर पेला झाकून ठेवलेला होता.

तीन महिने झाले. डॉक्टरांकडे जायचं म्हणून शेडमास्तरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. खरं सांगायचं तर ते थोडे खुशीतच होते. डॉक्टरांनी विचारलं तर दाखवावेत म्हणून त्यांनी निवडक फोटो मोबाइलमध्ये वेगळे काढून ठेवले होते.

डॉक्टरांचं टेबल खिडकीला लागून होतं, आणि खिडकी उत्तरेची होती. सकाळचे साडेदहा वाजले होते. डॉक्टरांनी बाईंना उजेडाकडे तोंड करायला सांगितलं आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली.

शेडमास्तरांची नजर सवयीने तिकडे गेली. कारखान्याच्या कार्डावर पांढऱ्याच्या बत्तीस शेड्स होत्या आणि त्या त्यांना पाठ होत्या. पापणीच्या आत जो रंग होता तो त्या बत्तिसांत नव्हता. तसा रंग भिंतीला कोणी मागत नाही. पापणीवरून त्यांची नजर ओठांवर गेली, मग कानाच्या पाळीवर, मग मांडीवर ठेवलेल्या हाताच्या नखांवर. या बाईचा चेहरा आपण उजेडात शेवटचा कधी पाहिला, हे त्यांना काही केल्या आठवेना. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

"कमी झालंय," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "होतं त्यापेक्षा बरंच कमी. पेला चालू आहे ना?"

"रोज," शेडमास्तर म्हणाले. "एक दिवस खंड नाही."

"बीट घालता?"

"बीट काढलं."

"खजूर?"

"तोही काढला."

"निदान लिंबू?" डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग राहिलं काय त्यात? बाई, जे काय होतं तेवढं तरी तुम्ही प्यायलात का?"

"करायची मीच," बाई म्हणाल्या. वर्गाची हजेरी सांगावी तसं त्यांनी सांगितलं, त्यात तक्रारीचा सूर नव्हता. "प्यायचे हे."

डॉक्टरांनी शेडमास्तरांना एकदा नीट न्याहाळलं. "तुमची तब्येत मात्र छान सुधारलीये," ते म्हणाले.

बाईंना त्याच दुपारी ॲडमिट केलं. औषधाची बाटली लावली, ती गडद तपकिरी होती. शेडमास्तर तिच्यातले थेंब पडताना बघत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रंगाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी शाळेतून फोन आला. तिसरीचा वर्ग दुसऱ्या बाईंना दिला होता, मुलांचं नुकसान नको म्हणून. सुई टोचताना बाईंनी डोळेसुद्धा मिटले नव्हते. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि त्या रडल्या.

शेडमास्तरांनी स्टूल भिंतीच्या बाजूला ओढून घेतलं. वॉर्डात ट्यूबलाइट लागल्या होत्या. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे नीट, सावकाश पाहिलं.

"फार पांढरी पडलीस गं तू," ते म्हणाले.

"सकाळी सांगायचं ना," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

या घटनेचा बिल्डिंगच्या आरोग्यावर फारसा परिणाम झाला नाही, हे सांगायला समाधान वाटतं. बाई ॲडमिट असल्याची बातमी ग्रुपवर गेली तेव्हा सहा जणांनी हात जोडले. रविवारी पेले कोण तपासणार, अशी चौकशी सतरा जणांनी केली, आणि दोघी-तिघींनी बाईंना लवकर बरं वाटो अशी इच्छा व्यक्त करून विसळलेले पेले कुठे ठेवलेत ते विचारलं. पुढच्या रविवारी खिडकीपाशी पेन्शनर काका उभे राहिले. त्यांचं काम चोख आहे असं ऐकतो.

या हकिगतीतून वाचकांनी काय घ्यायचं ते घेतलंच असेल. लिंबू पिळलं की रंग उतरतो, सोड्याने टिकतो, एवढं बहुतेकांच्या लक्षात राहिलं असेल, आणि उद्या सकाळी करून बघायलाही हरकत नाही. फक्त त्याआधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. तुमच्या घरात मिक्सरचं भांडं जी धुते, तिचा चेहरा आज सकाळी कसा दिसत होता? उत्तर आठवून द्यायचं आहे. उठून स्वयंपाकघरात डोकावून आलेल्यांचं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. (ती तिथेच सापडेल, याबद्दल तुम्हाला जराही शंका नव्हती, याची मात्र नोंद घेण्यात आली आहे.)